मोठ्या गटाला अनेक बैठकांची निमंत्रणे ईमेलने पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधा मेल एकदा पाठवला की काम संपते. कॅलेंडरच्या निमंत्रणाचे तसे नाही. ते समोरच्याच्या कॅलेंडरमध्ये नोंद होऊन बसते आणि बैठक पार पडेपर्यंत त्या नोंदीची दोरी पाठवणाऱ्याच्या हातात राहते. दहा माणसे आणि एक बैठक असेल तर चुकले तरी निभावते. २४० माणसे आणि ८ बैठका असतील तर नुसत्या निमंत्रणांचेच १,९२० मेल होतात. सगळ्यांनी उत्तर दिले तर तितकीच उत्तरे येतात, आणि सगळ्या बैठकांची लिंक बदलावी लागली तर पुन्हा १,९२० मेल जातात. खालची उत्तरे हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गूगल कॅलेंडर आणि आउटलुक यांच्यावर भर आहे, कारण बहुतेकांचे काम याच दोन ठिकाणी चालते.

आठ वेगवेगळी निमंत्रणे पाठवावीत की एकच आवर्ती मालिका करावी?

वार आणि वेळ ठरलेली असेल, माणसे तीच असतील, तर मालिका. निमंत्रण एकच जाते, स्वीकारायचे एकदाच, आणि ऑनलाइन बैठकीची लिंकही सगळ्या सत्रांना तीच राहते.

तारखा अनियमित असतील किंवा प्रत्येक सत्राला माणसे वेगळी असतील तर वेगवेगळी निमंत्रणे. गोंधळ होतो तो या दोहोंच्या मध्ये: दर मंगळवारची मालिका करायची, मग तिसरे सत्र बुधवारी सरकवायचे, पाचवे रद्द करायचे, सहाव्याची वेळ बदलायची. आउटलुकमध्ये मालिकेचा मूळ साचा नंतर बदलला, म्हणजे वार किंवा वेळ, तर असे एकेक करून केलेले अपवाद पुसले जातात आणि सरकवलेले सत्र गुपचूप जुन्या दिवशी परत येते. गूगल कॅलेंडरमध्ये ‘हा आणि यापुढचे कार्यक्रम’ असा बदल निवडला की मालिकेचे दोन तुकडे होतात. पुढे काही बदलायचे तर दोन्ही तुकड्यांत बदलावे लागते. आमचा ठोकताळा असा: आठांत एक-दोन अपवाद असतील तर मालिका चालेल, तीन किंवा जास्त असतील तर सरळ आठ निमंत्रणे करावीत.

मालिका केली तर तिला शेवटची तारीख किंवा सत्रांची संख्या द्यावीच. शेवट नसलेली मालिका दोन वर्षांनी कोणाच्या तरी कॅलेंडरमध्ये जिवंत सापडते.

आठही बैठका एकाच मेलमध्ये जोडून पाठवता येतात का?

येतात, पण मग त्यांना ‘येणार–नाही’ अशी उत्तरे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

निमंत्रणाच्या पोटात जी आयसीएस फाइल असते तिचा साचा आयकॅलेंडर या मानकाने ठरवला आहे. सध्याची आवृत्ती २००९ची. त्याच फाइलमध्ये ‘मेथड’ नावाची एक ओळ असते. ती ‘रिक्वेस्ट’ असेल तर ते निमंत्रण: पाहुण्यांची नावे असतात, उत्तर मागितलेले असते, आणि एका फाइलमध्ये एकच बैठक (किंवा एकच मालिका) असावी असे गृहीत असते. ती ‘पब्लिश’ असेल तर ती नुसती माहिती: फाइलमध्ये आठ काय, ऐंशी नोंदीही बसतात, पण उत्तराची सोय नसते.

म्हणून निवड सोपी आहे. कोण येणार हे कळायला हवे असेल तर आठ निमंत्रणे. नुसती तारीख लोकांच्या कॅलेंडरमध्ये पडली म्हणजे झाले, असे असेल तर आठ नोंदींची एक ‘पब्लिश’ फाइल साध्या मेलला जोडावी. तिच्याबरोबर ती कशी घालायची हेही लिहावे: गूगल कॅलेंडरमध्ये संगणकावरून सेटिंग्जमधल्या ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’मधून, जुन्या आउटलुकमध्ये ‘फाइल’ मेनूतल्या ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’मधून. आउटलुकमध्ये अशी फाइल नुसती डबल-क्लिक केली तर नोंदी स्वतःच्या कॅलेंडरमध्ये न पडता शेजारी वेगळे कॅलेंडर उघडते, आणि अर्ध्या लोकांना वाटते की काम झाले.

या फाइलचा दुसरा तोटा म्हणजे नोंद एकदा त्यांच्याकडे गेली की पाठवणाऱ्याचा तिच्याशी संबंध तुटतो. तारीख बदलली तर त्यांची नोंद आपोआप बदलत नाही.

पाठवायला बसण्यापूर्वी हाताशी काय असावे?

एक तक्ता. निमंत्रणे थेट कॅलेंडरमध्ये एकेक करून बनवायला घेतली की चौथ्या-पाचव्याला लक्ष उडते आणि आदल्याची वेळ राहून जाते. तक्त्यात बैठकीमागे एक ओळ आणि हे रकाने असावेत: क्रमांक, विषय, तारीख, वार, सुरू, संपणार, टाइम झोन, ठिकाण किंवा लिंक, कोणता गट, पाठवले का. वाराचा रकाना फालतू वाटतो, पण तारखेतली चूक पकडतो तो तोच. वार हाताने लिहावा, सूत्राने काढू नये. मग तारखेशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले नाहीत तर कुठेतरी गफलत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे यादी. पत्ते एका रकान्यात, ओळीमागे एक. मोकळ्या जागा, शेवटी चिकटलेले स्वल्पविराम, दोनदा आलेले पत्ते काढून टाकावेत. एकाच माणसाचे कामाचे आणि खासगी असे दोन पत्ते यादीत असतील तर एकच ठेवावा. नाहीतर त्याच्या फोनवर प्रत्येक बैठक दोनदा दिसते आणि तो एक नोंद ‘नाही’ म्हणून उडवतो. इकडे हजेरीत तो एकदा येणार, एकदा नाही!

बैठकीच्या विषयात काय लिहावे?

क्रमांक आणि त्या सत्राचे वेगळेपण: ‘प्रशिक्षण सत्र ३ – अहवाल लेखन’. आठही निमंत्रणांना ‘प्रशिक्षण’ एवढेच नाव दिले तर संभाषणे एकत्र दाखवणाऱ्या मेलपेटीत ती एकाच ढिगात पडतात. लोक वरचे एक स्वीकारतात आणि बाकी सात आहेत हे त्यांना कळतही नाही.

तारीख विषयात लिहू नये. बैठक सरकली की वेळ बदलते, पण विषयातली जुनी तारीख तशीच राहते. ‘३/८’ असे लिहिण्याचाही मोह होतो. नववे सत्र वाढले की मागची आठही चुकीची ठरतात, शिवाय काही जण ती तारीख म्हणून वाचतात. ‘सत्र ३’ पुरे.

गटाचा पत्ता घालावा की प्रत्येकाचा वेगळा?

गटाचा पत्ता घालणे सोपे, पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे वागतात.

संस्थेच्या मेलव्यवस्थेत केलेला गट (आउटलुकची डिस्ट्रिब्युशन लिस्ट, गूगलचा ग्रुप) कॅलेंडरला ओळखता येतो. आउटलुकमध्ये गटाच्या नावापुढच्या अधिकच्या खुणेवर क्लिक केले की गट उलगडून सगळी नावे सुटी होतात. एकदा उलगडलेला गट पुन्हा मिटत नाही, हे लक्षात ठेवून ती खूण दाबावी. उलगडल्याचा फायदा म्हणजे प्रत्येकाचे उत्तर नावानिशी दिसते आणि एखाद्याला वगळता येते. गूगलमध्ये गटाचे सदस्य पाहण्याची परवानगी पाठवणाऱ्याला हवी. ती नसेल तर कॅलेंडर गट उलगडून दाखवू शकत नाही.

बाहेरची मेलिंग लिस्ट मात्र कॅलेंडरच्या लेखी एकच पाहुणा असते. निमंत्रण लिस्टच्या पत्त्याच्या नावाने निघते आणि सदस्याच्या पेटीत पोहोचते, पण पाहुण्यांच्या यादीत त्याचा स्वतःचा पत्ता नसतो. मग काही मेलप्रोग्राम ‘होय–नाही’ची बटणे दाखवतच नाहीत. अशा गटासाठी सुटे पत्ते वापरावेत.

एका वेळी किती जणांना पाठवता येते?

गूगल कॅलेंडरमध्ये एका कार्यक्रमाला साधारणपणे २०० पाहुणे एकेक करून घालता येतात. त्यापुढे गूगल ग्रुप वापरावा लागतो. साध्या मेलसाठी वैयक्तिक जीमेल खात्याची मर्यादा दिवसाला ५०० आहे. ती ओलांडली तर खाते बंद पडत नाही, पण काही काळ, कमाल २४ तास, पाठवणे थांबते.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये (संस्थांच्या आउटलुकमागची मेलसेवा) एका खात्याला दिवसाला १०,००० प्राप्तकर्ते आणि मिनिटाला ३० संदेश अशी मर्यादा आहे. २४० जणांना ८ निमंत्रणे म्हणजे संदेश आठच, पण प्राप्तकर्ते १,९२०. संस्थेच्या पत्तापुस्तिकेतला गट मात्र एकच प्राप्तकर्ता म्हणून मोजला जातो, हा गट वापरण्याचा आणखी एक फायदा.

मर्यादेच्या काठावर जाऊ नये. पहिली पाठवणी मर्यादेत बसते. दुपारी दुरुस्तीची फेरी निघते आणि तीच अडकते. त्या अवस्थेत काही लोकांकडे जुनी वेळ असते आणि काहींकडे नवी. दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त पहिल्या फेरीत खर्च होत असेल तर पाठवणी दोन दिवसांत विभागावी.

आणि एक मर्यादा पाठवण्याची नसून बसण्याची आहे. झूम आणि गूगल मीट यांच्या मोफत खात्यांवर एका बैठकीत १०० जणच बसतात. निमंत्रण २४० जणांना जाते, १०१वा माणूस दारात अडतो. आधी ते खाते तपासावे, मग यादी.

लोकांना एकमेकांचे पत्ते दिसू नयेत, यासाठी काय करावे? बीसीसी कुठे आहे?

कॅलेंडरच्या निमंत्रणात मेलसारखी बीसीसीची चौकट (जिच्यात घातलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत) सहसा नसते. मार्ग असे:

गूगल कॅलेंडरमध्ये पाहुण्यांच्या यादीखाली तीन परवानग्या असतात: कार्यक्रम बदलणे, इतरांना बोलावणे, पाहुण्यांची यादी पाहणे. शेवटच्या दोन मुळात चालू असतात. मोठ्या गटासाठी तिन्ही खुणा काढाव्यात, आणि पाठवण्यापूर्वी काढाव्यात. निमंत्रण गेल्यानंतर यादी लपवून उपयोग नाही. ज्यांनी मेल उघडला त्यांनी ती पाहिलेली असते.

आउटलुकच्या वेब आणि नव्या आवृत्तीत ‘रिस्पॉन्स ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड अटेंडी लिस्ट’ आहे. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये ते नाही, म्हणून लोक एक आडवाट वापरतात: पाहुण्यांना ‘रिसोर्सेस’च्या चौकटीत घालायचे, जिथे खरे तर सभागृह किंवा प्रोजेक्टर घालायचा असतो. ती चौकट बीसीसीसारखी वागते. मात्र पत्तापुस्तिकेतून तिथे नावे घातली की ‘ठिकाण’च्या रकान्यात तीच नावे आपोआप येऊन बसतात. ती पुसायला विसरले की जे लपवायचे होते तेच ठिकाण म्हणून सगळ्यांना छापून जाते. ही आडवाट आहे हे मान्य करूनच वापरावी.

लोक एकमेकांना अनोळखी असतील आणि उत्तरांची गरज नसेल, तर वर सांगितलेली ‘पब्लिश’ फाइल साध्या मेलला जोडून बीसीसीने पाठवणे सर्वांत सुरक्षित.

उत्तरांचा पूर कसा थोपवायचा?

आधी ठरवा की उत्तरे हवीत कशासाठी. जेवणाची पाने मोजायची असतील, खुर्च्या मांडायच्या असतील, तर हवीत. अन्यथा आउटलुकमध्ये ‘रिक्वेस्ट रिस्पॉन्सेस’ची खूण काढावी. त्याची किंमत एवढीच की ‘कोण येणार’चा तक्ता मिळत नाही.

उत्तरे हवीत पण पेटीत नकोत, असे असेल तर खूण तशीच ठेवून मेलपेटीत नियम करावा: स्वीकाराचे संदेश वेगळ्या फोल्डरमध्ये. आकडा मोजायला मेल वाचायची गरज नसते. तो बैठकीच्या नोंदीतच दिसतो. ‘फॉरवर्ड करू द्या’ हीही खूण मोठ्या गटात काढलेली बरी. नाहीतर पाहुणे पाहुण्यांना बोलावतात.

वर्डचा मेल मर्ज वापरून निमंत्रणे जातील का?

नाही. वर्डमधला मेल मर्ज नुसता मेल पाठवतो. त्यातून कॅलेंडरचे निमंत्रण निघत नाही आणि फाइलही जोडता येत नाही. नावानिशी पत्र पाठवायला तो उत्तम आहे. पूर्वसूचनेचा मेल (पुढे नमुना दिला आहे) त्यातून पाठवावा, निमंत्रणे कॅलेंडरमधून.

तक्ता तयार आहे. तोच कॅलेंडरमध्ये ओतला तर?

गूगल कॅलेंडर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) घेते, पण त्यात पाहुण्यांसाठी रकाना नाही. आयसीएस फाइल आयात केली आणि तिच्यात पाहुणे असले तरी ते आयात होत नाहीत. थोडक्यात, आयातीने बैठका पाठवणाऱ्याच्या कॅलेंडरमध्ये पडतात, निमंत्रणे कोणालाच जात नाहीत. आठ बैठका आयात करून मग प्रत्येकीत गट घालणे आणि ‘पाठवा’ दाबणे हा मधला मार्ग, आणि आठ-दहा बैठकांसाठी तो पुरेसा आहे.

पन्नास बैठका असतील तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट (गूगलचे) किंवा पॉवर ऑटोमेट (मायक्रोसॉफ्टचे) हे कामे आपोआप करून घेण्याचे साधन वापरावे. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये कार्यक्रम तयार करताना ‘सेंडइन्व्हाइट्स’ हा पर्याय ‘ट्रू’ असा मुद्दाम द्यावा लागतो. तो दिला नाही तर पाहुणे यादीत दिसतात, पण मेल जात नाही, आणि पाठवणारा निर्धास्त राहतो. त्याहून महागात पडणारी चूक दुसरी आहे. वैयक्तिक खात्यावर स्क्रिप्ट एका वेळी ६ मिनिटेच चालते. मध्ये थांबली आणि पुन्हा सुरुवातीपासून चालवली, तर पहिल्या वीस बैठका दोनदा तयार होतात. उपाय साधा आहे: प्रत्येक बैठक तयार झाली की तिचा आयडी त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात लिहून ठेवायचा, आणि ज्या ओळीत आयडी आहे ती पुढच्या वेळी वगळायची. हाच आयडी नंतर बदल करायलाही लागतो.

स्वतःच्या प्रोग्रामने आयसीएस बनवतो. सहा बैठका पाठवल्या, लोकांना एकच दिसते. का?

बहुधा सहाही फाइलींत यूआयडी, म्हणजे नोंदीचा ओळखक्रमांक, एकच आहे. कॅलेंडर बैठक ओळखते ती यूआयडीवरून. विषय किंवा तारखेवरून नाही. एक नमुना फाइल घेऊन तारीख तेवढी बदलली की दुसरे निमंत्रण पहिल्याची दुरुस्ती समजले जाते, तिसरे दुसऱ्याची, आणि शेवटी सहावीच उरते. प्रत्येक बैठकीला वेगळा यूआयडी हवा.

याच्या उलटी चूक दुरुस्तीच्या वेळी होते. वेळ बदलून पाठवताना नवा यूआयडी दिला की जुनी नोंद तशीच राहते आणि शेजारी नवी उगवते. दुरुस्तीत यूआयडी तोच ठेवावा आणि ‘सिक्वेन्स’चा, म्हणजे कितवी दुरुस्ती हे सांगणारा, आकडा एकाने वाढवावा. आकडा वाढवला नाही तर काही प्रोग्राम ती दुरुस्ती जुनी समजून टाकून देतात.

दिवसभराच्या कार्यक्रमात शेवटची तारीख धरली जात नाही: १० ते १२ तारखेचे शिबिर असेल तर संपण्याची तारीख १३ लिहावी लागते. १२ लिहिली की शेवटचा दिवस गायब.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन येतात. दोष कुठे आहे?

सीएसव्हीमधून आले असेल तर एक्सेलने फाइल साध्या सीएसव्हीत जतन केली आहे. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा प्रकार असतो, तो निवडावा. साध्या प्रकारात देवनागरी अक्षरे कायमची प्रश्नचिन्हे होतात. ती फाइल पुन्हा उघडून दुरुस्त होत नाही, मूळ तक्त्याकडेच जावे लागते.

स्वतः बनवलेल्या आयसीएसमध्ये अधूनमधून एखादेच अक्षर फुटत असेल तर कारण वेगळे. मानकानुसार एक ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी; लांब ओळ मोडून पुढची ओळ मोकळ्या जागेने सुरू करायची. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइटांचे असते, म्हणजे काना-मात्रा धरून २५ चिन्हांतच ओळ भरते. इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्राम बाइट मोजून बरोबर ७५व्यावर कापतो आणि कधीकधी काप अक्षराच्या मधोमध बसतो. अक्षराची हद्द पाहून कापावे. मजकुरातला स्वल्पविराम आणि अर्धविराम यांच्या आधी उलटी तिरकी रेघ लावायची असते, तीही अनेकदा राहते.

वेळ काही जणांना एक तासाने पुढेमागे दिसते.

टाइम झोन न लिहिता नुसता ‘१५:००’ असा आकडा गेला आहे, किंवा वाटेत उन्हाळी वेळेचा बदल आहे. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या लोकांमधले अंतर नेहमीपेक्षा वेगळे असते. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. तिथे घोळ एकाच आठवड्याचा. मालिका ज्या शहराच्या टाइम झोनमध्ये बनवली त्या शहरात वेळ स्थिर राहते आणि बाकीच्यांची सरकते. कोणाची वेळ स्थिर ठेवायची हे आधी ठरवून त्याच शहराचा टाइम झोन निवडावा. सरकलेली सत्रे कोणती, ते पूर्वसूचनेच्या मेलमध्ये लिहावे.

‘मला निमंत्रण मिळालेच नाही’ म्हणणाऱ्यांचे काय करावे?

आधी विचारा: मेल आला नाही, की मेल आला पण कॅलेंडरमध्ये नोंद नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

मेल आला आणि नोंद नाही, तर गूगल कॅलेंडरमधली ‘अ‍ॅड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर’ ही सेटिंग पाहायला सांगा. तिचे तीन पर्याय आहेत: सर्वांकडून आलेली, फक्त ओळखीच्या पाठवणाऱ्याकडून आलेली, किंवा मेलमध्ये उत्तर दिल्यावरच. मधला पर्याय असेल आणि पाठवणाऱ्याशी आधी कधी संपर्क नसेल, तर नोंद आपोआप पडत नाही. निमंत्रणातले ‘होय’ दाबले की पडते.

मेलच नाही, तर स्पॅम आणि मग पत्ता. बाऊन्स होऊन (न पोहोचता परत) आलेले मेल पाठवणाऱ्याच्या पेटीत असतात. पहिल्या तासात ते पाहून यादी दुरुस्त करावी. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरून किंवा बल्क (एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या) सेवेतून पाठवत असाल तर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी हव्यात. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने दिवसाला ५,०००पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना त्या बंधनकारक केल्या आहेत.

सगळ्यांना पुन्हा पाठवू नये. ज्याला मिळाले नाही त्या एकट्याला त्याच नोंदीतून पाठवावे.

पूर्वसूचनेचा मेल खरेच लागतो का? त्यात काय असावे?

लागतो. एकाच व्यक्तीकडून पाच मिनिटांत आठ निमंत्रणे आली की लोकांना ती गडबड किंवा फसवणूक वाटते. आदल्या दिवशी किंवा दोन तास आधी एवढे पाठवावे:

‘नमस्कार. प्रशिक्षणाच्या आठ सत्रांची निमंत्रणे आज दुपारी ३ ते ४ या वेळेत येतील. प्रत्येक सत्राचे निमंत्रण वेगळे आहे; विषयात सत्र १ ते सत्र ८ असा क्रमांक दिसेल. ज्या सत्राला येता येणार नाही त्यालाच ‘नाही’ म्हणावे, बाकी सर्व स्वीकारावीत. ४ वाजेपर्यंत आठ नोंदी दिसल्या नाहीत तर आधी स्पॅम पाहावे, मग फक्त मला उत्तर द्यावे. सर्वांना उत्तर पाठवू नये. सत्रांचे वेळापत्रक खाली आहे.’

खाली तोच तक्ता, मजकुरात. चित्र करून चिकटवू नये. फोनवर वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही.

पाठवण्याआधी चाचणी कशी घ्यावी?

तीन पत्ते घ्या: एक जीमेल, एक आउटलुक, एक असा जो फक्त फोनवर पाहिला जातो. पहिले आणि शेवटचे सत्र त्यांना पाठवा. वेळ, लिंक, मराठी मजकूर, पाहुण्यांची यादी दिसते की नाही, हे पाहा. मग एका सत्राची वेळ बदला आणि दुसरे रद्द करा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात; खरी कळ तिथेच असते, कारण निमंत्रण पोहोचते पण दुरुस्ती पोहोचत नाही, असे होऊ शकते.

एका सत्राची वेळ बदलली. सगळ्यांना पुन्हा मेल जाईल का?

वेळ किंवा ठिकाण बदलले असेल तर जायलाच हवा. गूगल कॅलेंडर विचारते, पाहुण्यांना कळवायचे का, ‘पाठवा’ म्हणा. आउटलुकमध्ये वेळ बदलून दुरुस्ती गेली की आधीची उत्तरे रद्द धरली जातात आणि लोकांना पुन्हा स्वीकारावे लागते, त्यामुळे हजेरीचा आकडा एकदम खाली आलेला दिसला तर घाबरू नये.

टिपणातली शुद्धलेखनाची चूक सुधारली असेल तर पाठवू नये. आणि एखादाच पाहुणा वाढवला किंवा काढला असेल तर आउटलुक विचारते, दुरुस्ती फक्त त्यालाच पाठवू की सगळ्यांना. पहिला पर्याय घ्यावा. अशा किरकोळ दुरुस्त्या दिवसाला तीन गेल्या की लोक दुरुस्त्या वाचणे सोडतात, आणि वेळेचा खरा बदल त्यात वाहून जातो.

रद्द करताना नोंद नुसती डिलीट करू नये. रद्द झाल्याची सूचना पाठवण्याचा पर्याय घ्यावा. सूचना गेली नाही तर बैठक फक्त पाठवणाऱ्याच्या कॅलेंडरमधून जाते, बाकीचे २४० जण वेळेवर हजर.

लोकांनी आठांपैकी एकच सत्र निवडायचे आहे. आठही निमंत्रणे पाठवून त्यांना निवडू द्यावे का?

नको. प्रत्येकाच्या कॅलेंडरमध्ये आठही सत्रांची वेळ अडवली जाते, सात ‘नाही’ कोणी दाबत नाही, आणि कोणत्या सत्राला किती येणार हे शेवटपर्यंत कळत नाही. आधी गूगल फॉर्म्स किंवा मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये सत्र निवडायला लावावे, मग प्रत्येक सत्राचे निमंत्रण त्या-त्या यादीलाच पाठवावे.

सत्रे सुरू झाल्यावर नवे लोक आले तर?

वेगवेगळी निमंत्रणे असतील तर उरलेल्या प्रत्येक सत्रात त्यांना जोडावे. मालिका असेल तर पूर्ण मालिकेत जोडल्यास झालेल्या सत्रांच्या नोंदीही त्यांच्याकडे जातात. त्याने बिघडत काही नाही, पण ‘माझे काही चुकले का’ असे मेल येतात. आउटलुकच्या गटात नाव वाढवले म्हणून आधी गेलेली निमंत्रणे त्या माणसाकडे आपोआप जात नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

निमंत्रणे पाठवणारा रजेवर गेला किंवा संस्था सोडून गेला. आता बदल कोण करणार?

आउटलुकमध्ये बैठकीचा संयोजक बदलता येत नाही. त्याचे खाते बंद झाले तर बैठका सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये अनाथ राहतात. कोणी सरकवू शकत नाही, कोणी रद्द करू शकत नाही. प्रशासकाला पॉवरशेलमधल्या (आज्ञा टाइप करून काम करण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन) ‘रिमूव्ह-कॅलेंडरइव्हेंट्स’ या आज्ञेने त्या खात्याच्या पुढच्या बैठका रद्द करता येतात, पण ते खाते पुसण्याआधी. गूगल कॅलेंडरमध्ये कार्यक्रमाच्या मेनूत मालक बदलण्याची सोय आहे, तीही खाते जिवंत असतानाच वापरावी.

म्हणून मोठ्या गटाच्या बैठका सुरुवातीपासूनच सामायिक खात्यातून पाठवाव्यात, उदाहरणार्थ ‘प्रशिक्षण’ नावाची सामायिक मेलपेटी, आणि तिचा अधिकार किमान दोघांकडे असावा. उत्तरेही तिथेच जमा होतात, कोणाच्या रोजच्या पेटीत नाही.